येऊ नकोस, ओव्हर

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन नातेवाइकांनी फोनवर विचारूनही झालं, "काय रे, ब्लॉग बंद पडला का?" बंद नाही, नुसता आळस. आज बसलो लिहायला, त्याला कारण परवा रात्री जेवताना धाकटीने विचारलेला प्रश्न. "बाबा, आम्ही चौघं यंदा रेव्हलस्टोकला स्लेडिंगला जाणार आहोत. रेडिओ घ्यायचेत. तुझ्यासारखा पाच वॅटचा घेऊ का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आमटीकडे बघितलं.

पुण्या-साताऱ्याच्या मंडळींसाठी आधी थोडा खुलासा. रेडिओ म्हणजे विविध भारतीवाला नव्हे, वॉकी-टॉकी. आणि स्लेडिंग म्हणजे स्नोमोबील चालवणं. बर्फावरची मोटरसायकल म्हणा. पुढे दोन स्की, मागे चाकाऐवजी फिरणारा रबरी पट्टा. आमची आई तिला 'ते भूत' म्हणते. इथे कॅलगरीहून चारेकशे किलोमीटरवर, रॉजर्स पास ओलांडला की रेव्हलस्टोक लागतं. तिथले बोल्डर आणि फ्रिस्बी हे डोंगर या छंदाची पंढरीच. पायथ्यापासून वर झोपडीपर्यंत दाबून केलेला रस्ता असतो. तो सोडून पलीकडे गेलात की मग खरं रान. रस्ता नाही, गस्त नाही, मोबाइलला रेंज नाही. चार जण जातात आणि त्या चौघांचं जे काय व्हायचं ते त्या चौघांच्याच हातात असतं.

यात अतिशयोक्ती नाही. आम्ही इथे नवे होतो तेव्हाची बातमी अजून आठवते. २८ डिसेंबर २००८ला फर्नीजवळच्या हार्वी पासपाशी हिमस्खलन झालं. सात जण त्यात सापडले. त्यांना काढायला आणखी चौघं धावले आणि दुसऱ्या हिमस्खलनात तेही गाडले गेले. अकरापैकी आठ जण गेले. पुढे १३ मार्च २०१०ला खुद्द बोल्डरवर, मोठी गर्दी जमलेली असताना डोंगर सुटला. दोन जण गेले, तीसेक जखमी झाले. बर्फाखालच्या माणसाला जिवंत काढायचं तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती आपली. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. येतो तो शेजारचा माणूस, तोही त्याला कळलं तर.

म्हणून रेडिओ. प्रश्न साधा होता आणि मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण खरं उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी कबूल करणं भाग होतं. एक घरात अर्धवट सांगितली होती, दुसरी कुणालाच नाही.

पहिली गोष्ट माझ्या त्या पाच वॅटच्या रेडिओची. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे साधे, दोन वॅटचे, खिशात मावणारे रेडिओ होते. मला वाटलं, आपण इंजिनिअर, आपला जरा बरा असावा. अमेरिकेतून मागवला. अँटेना बदलता येणारी, डझनभर बटणं, स्क्रीनवर आकडेच आकडे. खोक्यावर रेंज लिहिलेली ५० का ६० किलोमीटर. हे आकडे खोटे नसतात, पण ते एका डोंगरमाथ्यावरून समोरच्या मोकळ्या खोऱ्यात बोलणाऱ्याचे असतात. मधे काही नाही, समोर सगळं स्वच्छ. आपण असतो घळीत, ओल्या देवदारांच्या गर्दीत, मधे डोंगराची सोंड. हे रेडिओ ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि त्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. माझ्या अनुभवात झाडीत दोन किलोमीटर मिळाले तर दिवस चांगला म्हणायचा. दोनाचे पाच वॅट केले तर मोकळ्या हवेतसुद्धा अंतर फार तर दीडपट-पावणेदोनपट होतं, अडीचपट नाही. आणि मधे डोंगर असला तर तो पाच वॅटलाही डोंगरच.

शिवाय तो इथे बेकायदा होता, हेही लिहून टाकतो. अमेरिकेत जीएमआरएसचा परवाना ३५ डॉलरला दहा वर्षांसाठी मिळतो, परीक्षा नाही, अख्ख्या कुटुंबाला चालतो, आणि मग पाच वॅटचा हातरेडिओ खुशाल वापरा. कॅनडात परवाना लागत नाही, पण त्या बदल्यात दोन वॅटची मर्यादा आहे आणि अँटेना काढता येणारी चालत नाही. मला हे माहीत होतं. 'जंगलात कोण बघतंय' हे आपलं जुनं तत्त्वज्ञान मी बरोबर आणलं होतं.

तर, चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. ओढ्याच्या काठाने जाताना काठ ढासळला आणि मी स्लेडसकट खाली. गाडी उलटी, मी छातीएवढ्या भुसभुशीत बर्फात. लागलं काही नव्हतं. पण रेडिओ कुठे? सीटमागच्या बॅगेत! आणि ती बॅग उलट्या गाडीखाली. कारण एवढा मोठा रेडिओ जॅकेटच्या खिशात मावत नव्हता. वीस मिनिटं हाताने बर्फ उकरून तो बाहेर काढला. चालू केला आणि मित्राचा आवाज स्पष्ट आला. माझं नाव घेऊन विचारत होता, कुठे आहेस? मी बटण दाबलं, सांगितलं. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. तिकडून पुन्हा तोच प्रश्न, कुठे आहेस, बोल. मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि त्यांना माझा एकही नाही. असं आणखी वीसेक मिनिटं चाललं. शेवटी ते आमच्या खुणांवरून मागे आले आणि मी सापडलो.

कारण अगदी क्षुल्लक होतं. त्या सकाळी पार्किंगमध्ये चॅनेलवर दुसऱ्या एका ग्रुपची बडबड येत होती म्हणून आमच्यापैकी एकाने 'प्रायव्हसी कोड' लावायला सांगितला. सगळ्यांनी लावला. माझ्या रेडिओवर तो कसा लावायचा हे मला चटकन सापडेना, आणि मी 'हो हो, लावला' म्हणून टाकलं. इंजिनिअर ना!

या प्रायव्हसी कोडवर माझा फार राग आहे. त्यात प्रायव्हसी काही नाही. तुमचं बोलणं त्या चॅनेलवरच्या कुणालाही ऐकू जातं. कोड फक्त एवढंच करतो की, आवाजाच्या पोटात ठरलेला बारीक सूर नसेल तर तुमचा रेडिओ तोंड मिटून बसतो. म्हणजे दाराला कडी लावल्याच्या समाधानात आपण स्वतःच्या कानात बोळे घालून बसायचं. माझ्या आवाजात तो सूर नव्हता, म्हणून त्यांचे रेडिओ गप्प. माझ्या रेडिओला कसलीच अट नव्हती, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेडिओत कोडचा तोच नंबर म्हणजे तोच सूर असेल याचीही खात्री नसते. रानात कोड नको. परकी बडबड ऐकू आली तर चॅनेल बदला, किंवा सरळ ऐका. ती परकी माणसंही कधीतरी आपल्याला ऐकतील.

ही गोष्ट घरी मी 'गाडी रुतली होती, उशीर झाला' एवढीच सांगितली होती.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. रेडिओ एकट्याने निवडायची वस्तूच नाही. क्रिकेटची बॅट आपल्या हाताला बसेल ती घ्यावी. रेडिओ म्हणजे पत्रव्यवहार. दुसऱ्या टोकाला कोण आहे, त्याच्याकडे काय आहे, यावर माझ्या वस्तूची किंमत ठरते. चौघांत एकाकडे उत्तम आणि तिघांकडे बरा असण्यापेक्षा चौघांकडे एकच, साधा, सारख्या बटणांचा असावा. म्हणजे एकाचा गोठलेल्या बोटांनी लागत नसेल तर दुसऱ्याला तो डोळे मिटून लावता येतो.

दुसरी कसोटी हातमोज्याची. दुकानात उघड्या हाताने, ऊबदार हवेत सगळेच रेडिओ छान वाटतात. उणे वीसमध्ये जाड मोजा घालून ते बटण सापडतं का? म्हणून मी खांद्यावर अडकवायचा, मोठ्या बटणाचा माइक असलेलाच रेडिओ घ्या म्हणेन. मूळ डबा जॅकेटच्या आत ऊबेत राहतो, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण थंडीने बॅटरीचा जीव निम्मा होतो. बाहेर फक्त वायर आणि माइक. सेल घालायचे रेडिओ असतील तर साधे अल्कलाइन सेल नकोत, लिथियमचे घ्यावेत, ते थंडीत टिकतात. मात्र माइक पट्ट्याखाली दबला तर बटण दाबलेलंच राहतं. मग तुमचा श्वास अख्ख्या ग्रुपला ऐकू येतो आणि बाकी कुणालाच बोलता येत नाही. एअरबॅगची सॅक असेल तर तिची मूठ एका खांद्यावर, माइक दुसऱ्या. घाबरलेल्या हाताला दोन्हींत गोंधळ व्हायला नको.

तिसरी गोष्ट ट्रान्सीव्हरची. हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायला प्रत्येकाच्या छातीवर जे यंत्र असतं ते. ते ४५७ किलोहर्ट्झवर बोलतं आणि आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनिक्सने बिथरतं. नियम २० आणि ५०चा. ट्रान्सीव्हर पाठवत असताना रेडिओ, फोन, गरम मोजे वगैरे सगळं २० सेंटिमीटर दूर, आणि शोधत असताना ५०. म्हणून जो शोधतोय त्याने रेडिओवर बोलायचं नाही, ते काम दुसऱ्याचं. रेडिओ कुठे अडकवायचा हे याच्याशी जुळवूनच ठरवायचं. दुकानातला विक्रेता हे सांगेलच असं नाही.

लोक म्हणतात, आता सॅटेलाइटवरून एसओएस पाठवता येतो, काही फोनमध्येसुद्धा २०२२पासून ती सोय आहे, मग रेडिओ कशाला? ते यंत्र हवंच, माझ्याही खिशात असतं. पण ते दूरच्या माणसाला सांगतं, आणि दूरचा माणूस काही तासांनी येतो. रेडिओ तीनशे मीटरवरच्या माणसाला सांगतो. काही मंडळी हेल्मेटमधले इंटरकॉम लावतात. दोन्हीकडून सतत बोलता येतं, इंजिन चालू असताना ऐकू येतं, ही त्यांची मोठीच सोय. खांद्यावरचा माइक साडेआठशे सीसीच्या आवाजापुढे मुका असतो, हे मान्य. त्यावर आमचा उपाय जुना आहे. ठरावीक जागी थांबायचं, इंजिन बंद, मिनिटभर कान द्यायचा. इंटरकॉम असेल तर दुधात साखर, पण त्याच्या भरवशावर झाडीत पांगू नये.

लाकडाच्या ट्रकवाल्यांशी बोलायला जंगलरस्त्यांवर वेगळे व्हीएचएफ चॅनेल असतात, त्यांना वेगळा रेडिओ आणि परवानाही लागतो. आपल्या खिशातला तिथे उपयोगाचा नाही. तो गोंधळ धाकटीच्या मित्राने आधीच घातला होता, म्हणून लिहिलं.

आता दुसरी कबुली. ही लिहायला जड जाते आहे.

आमचे अण्णा पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात होते. लहानपणी त्यांच्याबरोबर कधी कंट्रोल रूमला गेलो तर त्या 'ओव्हर, ओव्हर'चं हसू यायचं. अण्णा म्हणायचे, "बटण दाब, एक श्वास घे, मग बोल. बोलून झालं की एक श्वास घे, मग सोड. घाई करणाऱ्याचा निरोप अर्धा पोचतो, आणि अर्धा निरोप न पोचलेल्यापेक्षा वाईट." इथे आल्यावर वाचलं की, ज्या पहिल्या काही वॉकी-टॉकी बनल्या त्यातली एक १९३७ साली ब्रिटिश कोलंबियातच, डोनाल्ड हिंग्ज नावाच्या माणसाने, खाणकंपनीच्या रानावनात उतरणाऱ्या वैमानिकांसाठी बनवली होती. अण्णांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "बनवणारा सोपा रे, वापरणारे शिकवणं अवघड."

दोन वर्षांपूर्वी मी आणि धाकटी एका वाडग्यासारख्या उतारावर होतो. मी आधी खाली उतरलो, ती वर कडेला थांबली. खाली येऊन मागे बघितलं तर माझ्या पट्ट्याच्या खुणेपासून बर्फात एक बारीक चीर गेलेली दिसली. वाऱ्याने लादलेला उतार. पोटात गोळा आला. मी रेडिओवर म्हणालो, "खाली येऊ नकोस."

दोन मिनिटांनी ती माझ्याशेजारी उभी होती. हसत, गॉगल वर करून. "आले!"

मी तिला काही बोललो नाही. चल, म्हटलं, आणि आम्ही तिथून निघालो. उतार सुटला नाही. काही झालं नाही. रात्री मोटेलमध्ये मला झोप लागेना तेव्हा कळलं काय झालं ते. घाईत, जाड मोज्यात, वाक्य संपायच्या आत माझा अंगठा बटणावरून सुटला होता. तिने ऐकलं होतं, "खाली ये."

इंग्रजीत 'डोन्ट' आधी येतं. तिथे बटण दाबायच्या आधी बोलायला लागलं की नकार जातो. आपल्या मराठीत नकार शेपटाला असतो. बटण लवकर सोडलं की गेला. आणि उरतं ते नेमकं उलट. भाषा तीच, रेडिओ तोच, वॅट पाहिजे तेवढे. एका अक्षराने माझी मुलगी त्या उतारावर आली.

म्हणून माझं आता असं म्हणणं आहे की, रेडिओ निवडताना शब्दही निवडून ठेवावेत. नकारार्थी निरोप द्यायचाच नाही. 'येऊ नकोस' नाही, 'थांब'. 'थांब, थांब, वरच थांब.' तुटला तरी अर्थ तोच राहतो. आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणायचं, "थांबले." परत आलं नाही तर निरोप पोचला नाही असं समजायचं. उतारावर निघायचं असेल तर वरच्याने विचारायचं आणि खालच्याने 'ये' दोनदा म्हणायचं. एकदा ऐकू आलेलं 'ये' धरायचंच नाही. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

परवा जेवताना हे सगळं मी धाकटीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तू मला 'ये' म्हणाला नव्हतास?" मी नाही म्हटलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाप घाबरला होता हे मुलीला कळू नये, एवढंच असेल. पण न सांगितल्यामुळे ती दोन वर्षं आमच्या त्या रेडिओवर विश्वास ठेवून होती, आणि पुढच्या तिघांना तीच सवय शिकवणार होती.

बायको उठून आत गेली. तिचं म्हणणं काय ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण मुलगी वीस वर्षांची आहे, तिने अॅव्हलांचचा कोर्स केलाय, आणि जायचं कधी नाही हे तिला माझ्यापेक्षा बरं कळतं.

ठरलं ते असं. चौघांना एकाच मॉडेलचे, दोन वॅटचे, विनापरवान्याचे, खांद्यावरच्या माइकचे रेडिओ. कोड बंद, चॅनेल लॉक. चौघांत एकाला ते परवडत नव्हते, तो जुनाच आणणार होता. त्याचे पैसे मी दिले. यात दानधर्म काही नाही. माझ्या मुलीचा रेडिओ म्हणजे त्या पोराच्या खांद्यावर अडकवलेला डबा, हे मला त्या ओढ्यात कळलंय. माझा पाच वॅटचा कपाटात गेला. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाकडे परवाना असेल तर घेऊन जा.

काल संध्याकाळी चौघं पोरं घरी आली होती. मी त्यांना मोजे घालून, हेल्मेट घालून समोरच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभं केलं. एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी परत म्हणायचं. त्यांना आधी हसू आलं, अण्णांच्या कंट्रोल रूममध्ये मला यायचं तसंच. तिघं इंग्रजीत 'स्टॉप' म्हणत होते. धाकटी मात्र सवयीने मराठीत बोलली, आणि त्या तिघांनीही तो शब्द उचलला. एक शेतकऱ्याचा आल्बर्टन पोरगा, अंधारात, रेडिओवर ओरडत होता, "थांब! थांब!"

शनिवारी पहाटे निघताहेत. आईला हे वाचून दाखवणाऱ्यांनी मधला भाग गाळावा.